पोळी कमी केली की प्रोटीनही कमी होतं, त्याचं काय?

प्रोटीन शेकचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच पार्ट्या असतात. एक घरातली मोठी माणसं, ज्यांच्या मते तो काळा डबा म्हणजे स्टिरॉइड, किडनी जाणार, केस जाणार, पुढे मुलंबाळं व्हायला त्रास होणार. आणि दुसरी जिममधली, ज्यांच्या मते वर्कआउट झाल्यावर अर्ध्या तासात शेक पोटात गेला नाही तर गाळलेला सगळा घाम फुकट. दोघंही एकदम ठामपणे बोलतात आणि समोरच्याच्या ताटात दिवसभरात काय पडतं हे विचारावं असं दोघांनाही वाटत नाही. मला विचाराल तर डाएट आणि व्यायाम दोन्ही मनापासून करणाऱ्या, किडनी ठणठणीत असलेल्या माणसाने दिवसाला एखादा स्कूप, म्हणजे डब्यातल्या मापाने एक चमचा पावडर, घेतला तर काही बिघडत नाही, उलट बऱ्याच शाकाहारी लोकांना त्याचा खरंच उपयोग होतो. माझा राग आहे तो पावडर कशी विकतात यावर, आणि ती कोण कशाच्या जागी पितं यावर.

आधी ती पावडर आहे काय ते बघू, कारण अर्धी भीती तिथेच जाते. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं की खाली पातेल्यात जे हिरवट पिवळं पाणी गळतं, किंवा दूध फाडून पनीर काढल्यावर जे उरतं, त्यात जे प्रोटीन विरघळलेलं असतं ते व्हे. चीजच्या कारखान्यांत हे पाणी प्रचंड निघतं, पूर्वी ते ओतून द्यायचे नाहीतर जनावरांना पाजायचे, मग ते बारीक गाळून आणि सुकवून त्याची पावडर करायला लागले आणि टाकाऊ मालाचा एकदम प्रीमियम माल झाला. जिममधे जे कॉन्सन्ट्रेट म्हणून विकतात त्यात फ्लेवर घालण्याआधी शंभर ग्रॅमला ८० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि थोडी लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर उरलेली असते, आयसोलेट अजून गाळलेलं असतं, तिथे प्रोटीन ९० च्या घरात जातं. ज्यांना दूध पचत नाही त्यांचं कॉन्सन्ट्रेटने पोट फुगतं आणि त्याची शिक्षा शेजारच्या ट्रेडमिलवाल्याला मिळते, पण ते दुधाचं दुखणं झालं, त्याला विष म्हणता येत नाही.

स्टिरॉइडचा याच्याशी संबंध नाही. जिमच्या भाषेत स्टिरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीची हॉर्मोन्स, ती औषधं आहेत. पण आईवडिलांची भीती अगदीच हवेतून आलेली नाही हेही मान्य केलं पाहिजे, कारण जिममधे काही ठिकाणी डब्यासोबत भलत्याच गोष्टीही मिळतात. मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन आहे, ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर घसरलेलं बीपी वर आणायला डॉक्टर ते वापरतात, आणि पुण्यात जिमला जाणाऱ्या पोरांना हे विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. ते घेतल्यावर तासभर अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि हृदयाची वाट लागते. तर घरच्यांनी घाबरायचंच असेल तर याला घाबरा, व्हेच्या डब्यावर ओरडत बसलात तर पोरगं दोन्ही गोष्टी तुमच्यापासून लपवायला लागेल.

आता ताटाकडे या. समजा ठाण्यातली ६५ किलो वजनाची चाळिशीतली बाई आहे, ऑफिस, लोकल, संध्याकाळी आठवड्यातून चार दिवस जिम, शाकाहारी. सकाळी प्लेटभर पोहे, त्यात शेंगदाणे धरून सहा सात ग्रॅम प्रोटीन. डब्यात तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडं दही, सगळं मिळून वीसेक ग्रॅम. दोन चहा आणि त्यासोबतची बिस्किटं किंवा चिवडा, पाच. रात्री दोन पोळ्या, आमटी भात, चौदा पंधरा. एकूण झाले ४६, ४७. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या एनआयएनने, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेने, २०२० मधे जे प्रमाण ठरवलंय ते किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे हिला साधी तब्येत राखायलाच ५४ लागतात. वजन कमी करताना वजनं उचलत असेल तर किलोमागे १.२ ते १.६ धरतात, म्हणजे ७८ ते १०४. आणि आता ही डाएट चालू करणार म्हणजे पहिल्यांदा काय करणार, तर पोळ्या कमी करणार! पाचाच्या तीन करणार, भात बंद करणार.

इथेच मोठी गोम आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे पोळी, भाकरी, भात हेच प्रोटीनचं मोठं खातं आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत असं दिसलं की गावाकडचा माणूस सरासरी दिवसाला ६१.८ ग्रॅम आणि शहरातला ६३.४ ग्रॅम प्रोटीन खातो, आणि त्यातलं गावात जवळजवळ निम्मं आणि शहरात चाळीस टक्क्यांच्या आसपास धान्यातून येतं. म्हणजे जो डाएटवाला कार्ब्ज बंद म्हणून पोळी भात काढून टाकतो तो नकळत प्रोटीनलाही कात्री लावतो, आणि त्या जागी काय ठेवतो तर काकडी, गाजर आणि ग्रीन टी. दोन महिन्यांत वजनकाटा चार किलो खाली येतो, सगळे वा वा करतात, पण त्या चार किलोत चरबी किती आणि स्नायू किती हे काटा सांगत नाही. मग जिना चढताना पाय भरून येतात आणि वजन परत आलं की ते बहुतेक चरबीच्या रूपात येतं.

वरचे आकडे बघून अजून एक गोष्ट लक्षात येते. जाहिरातींमधे जे ७३ टक्के भारतीयांना प्रोटीन कमी पडतं वगैरे फिरवत असतात ते मार्केट रिसर्चवाल्यांच्या सर्व्हेतून आलेलं आहे, तो आकडा ऐकून घाबरून डबा मागवायची गरज नाही. सरासरी काढली तर देश प्रोटीनने उपाशी आहे असं दिसत नाही. पण सरासरी ही सरासरीच असते, मटण खाणारा आणि चहात पाव बुडवून जेवण उरकणारा दोघंही त्यात येतात, आणि धान्यातलं प्रोटीन दुधाअंड्याइतकं कसदार नसतं कारण त्यात लायसिन नावाचं अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्या घटकांपैकी एक, कमी पडतं, ते डाळीने भरून निघतं. वरणभाताची जोडी यासाठी चांगलीच आहे, फक्त आपण वरण दोन डाव आणि भात डोंगर असा वाढून घेतो.

आता यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'डाळी खा, शेंगदाणे खा, पनीर खा, कशाला हवी पावडर?' तब्येत राखणाऱ्या माणसासाठी हे उत्तर बरोबर आहे. पण वजन कमी करणाऱ्यासाठी ते अर्धंच बरोबर आहे, आणि मी इथे थोडी आकडेमोड करते कारण त्याशिवाय मुद्दा कळत नाही. २५ ग्रॅम प्रोटीन मिळवायला तूरडाळ कच्ची सव्वाशे ग्रॅमच्या आत बाहेर लागते, म्हणजे पावणेचारशे ते चारशे कॅलरी, फोडणी वेगळी. शेंगदाणे शंभर ग्रॅम, म्हणजे साडेपाचशेच्या वर. पनीर १४० ग्रॅम, ते साडेतीनशेच्या पुढे. अंडी चार, २८० ते ३००. सोया चंक्स पन्नास ग्रॅमच्या आत काम होतं, १७० कॅलरी. शिजवलेलं चिकन ब्रेस्ट ८० ग्रॅम, १३०. आणि व्हेचा एक स्कूप पाण्यात, १२० च्या आसपास. ज्याला दिवसभरात १४०० कॅलरीत सगळं बसवायचंय त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. मासे चिकन खाणाऱ्याला पावडरशिवाय आरामात जमतं, कोकणातल्या माणसाला तर सुकट, जवळा, बोंबील असताना डब्याची गरजच काय, सुक्या मासळीत तर वजनाच्या अर्ध्याहून जास्त प्रोटीन असतं, मीठ तेवढं जपायचं. अडचण शाकाहारी माणसाची आहे, त्यातही सोया न आवडणाऱ्याची. त्याला एक स्कूप सोयीचा पडतो हे मान्य करायला आपल्याला एवढं जड का जातं कळत नाही.

आणि डाएटमधे जास्तीच्या प्रोटीनचा खरंच उपयोग होतो का, तर होतो. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीचा २०१६ चा एक प्रयोग आहे, ४० जाडसर तरुण, चार आठवडे कॅलरी चाळीस टक्के कापलेल्या, आठवड्याचे सहा दिवस दणकून व्यायाम. अर्ध्यांना किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन, अर्ध्यांना २.४, आणि त्यात व्हे घातलेली पेयंच दिलेली. जास्त प्रोटीनवाल्यांची चरबी ४.८ किलो उतरली, कमीवाल्यांची ३.५, आणि जास्तवाल्यांचे स्नायू वगैरे धरून चरबीविरहित वजन उपाशी राहूनही सव्वा किलोच्या आसपास वाढलं. पण हे नीट वाचा, कमीवाले म्हणजे सुद्धा १.२ खाणारे होते, आपल्या ठाण्याच्या बाईपेक्षा बरेच पुढे, आणि सगळे तरुण पुरुष, रोज कुणीतरी डोक्यावर उभं राहून करून घेतलेला व्यायाम. ऑफिसमधून थकून येऊन वीस मिनिटं सायकल मारणाऱ्याला हे आकडे मिळणार नाहीत.

याच्या उलट बाजूलाही एक आकडा आहे जो जिमवाले कधी सांगणार नाहीत. २०१८ मधे ४९ अभ्यास आणि १८६३ लोकांची माहिती एकत्र करून बघितली गेली, तेव्हा वजनं उचलणाऱ्यांना वरून प्रोटीन दिल्यावर स्नायूंच्या वजनात सरासरी फरक पडला तो ३०० ग्रॅमचा. तीनशे ग्रॅम! बाकी सगळं काम वजनं उचलण्याने झालेलं होतं. आणि किलोमागे १.६ च्या पुढे गेल्यावर फायदा सपाट होत जातो असंही त्यातच दिसलं. म्हणजे ८० किलोच्या पोराने दिवसाला तीन तीन स्कूप, वर सहा अंडी, वर चिकन असं करणं हा निव्वळ पैशाचा धूर आहे. अर्ध्या तासाच्या घाईचंही तसंच, दिवसभराचं एकूण प्रोटीन किती झालं याला महत्त्व जास्त, शेकर घेऊन पळत सुटायची काही गरज नाही.

दीक्षित डाएट करणाऱ्यांचा प्रश्न अजून वेगळा आहे. दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे इन्सुलिन वाढवणारं काही खायचं नाही, हे अर्ध्या महाराष्ट्राने करून बघितलंय. व्हे इन्सुलिन चांगलंच वाढवतं, त्यामुळे दोन जेवणांच्या मधे शेक प्यायला तर त्या पद्धतीचा पायाच निघून जातो, घ्यायचाच तर जेवणातच घ्यायला हवा. आणि दोनच जेवणं म्हणजे प्रत्येक जेवणात पस्तीस चाळीस ग्रॅम प्रोटीन बसवायला हवं, जे दोन पोळ्या आणि भेंडीच्या भाजीने होत नाही. हे सांगणारे लोक कमी, वजन किती उतरलं त्याचे फोटो टाकणारे जास्त.

उपवासांचं तर बोलायलाच नको. सोमवार, गुरुवार, एकादशी, वर श्रावण, आणि डाएटही होतं म्हणून खुश. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य असतं, खिचडीत जे काही येतं ते दाण्याच्या कुटातून, आणि सोबत तूप बटाटा असतोच. उपवासच करायचा तर राजगिरा, ताक, दूध, दही यावर करा, राजगिऱ्यात गव्हापेक्षा जास्त प्रोटीन असतं, पण राजगिऱ्याच्या भाकरीचं नाव काढलं की सगळ्यांची तोंडं वाकडी होतात.

मे २०२४ मधे आयसीएमआर एनआयएनने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं स्पष्ट म्हटलंय. पावडरमधे साखर, गोडवा आणणारी रसायनं, फ्लेवर असतात, रोज घेणं बरं नाही असा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'प्रोटीन पावडर धोकादायक' अशा हेडलाइन. मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. हे सल्ले सगळ्या देशासाठी असतात, त्यात व्यायाम न करणारेही आले, आणि व्यायाम न करणाऱ्याला पावडरचा काहीच फायदा नाही हे बरोबरच आहे. पण १.६ च्या पुढे फायदा नाही असं तेच म्हणतात, मग ४७ ग्रॅमवर अडकलेल्या माणसाला १.६ कडे न्यायचं कसं? डाळी, कडधान्यं, दूध, अंडी खा हे उत्तर बरोबर आहे पण शाकाहारी, डाएटवर असलेल्या, जेवणाचा डबा घेऊन सकाळी सातला घर सोडणाऱ्या माणसाच्या दिवसात ते बसवून दाखवायला हवं, तसं कुणी बसवून दाखवत नाही आणि मग ती जागा ट्रेनर भरून काढतो.

आणि आता ट्रेनर आणि डबा, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

केरळमधल्या डॉक्टर सिरियक ॲबी फिलिप्स यांच्या टीमने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी लॅबमधे तपासून एप्रिल २०२४ मधे निष्कर्ष छापले. सत्तर टक्क्यांच्या जवळपास डब्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची होती, काहींमधे तर लिहिलंय त्याच्या निम्मंच भरलं. १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष सापडलं जे लिव्हरला घातक असतं, आठ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. काही पावडरींमधे वनस्पतींचे अर्क मिसळलेले होते, 'हर्बल' लिहिलं की आपल्याकडे माणूस निर्धास्त होतो, आणि यातले काही अर्क जास्त झाले तर लिव्हरवर येतात. बाहेरचा डबा भारी असंही समजू नका, अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०१० मधेही आणि परत २०२५ मधेही पावडरींमधे शिसं सापडल्याचं दाखवलंय, आणि २०२५ मधे सगळ्यात वाईट निघाल्या त्या वनस्पतीपासून बनवलेल्या व्हीगन पावडरी.

लेबलवरचा आकडा खोटा कसा ठरतो हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. प्रोटीन किती आहे हे बहुतेक वेळा थेट मोजत नाहीत, त्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणतात. ही पद्धत १८८३ सालची, कार्ल्सबर्ग बिअरच्या लॅबमधल्या योहान केल्डालची. स्वस्त, सोपी, आणि फसवायलाही सोपी, कारण नायट्रोजन कुठूनही आला तरी मशीनला तो प्रोटीनच वाटतो. मग भेसळवाला काय करतो, ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो ॲसिडं मिसळतो, आकडा वर जातो आणि स्नायूंना उपयोग नाही. २००८ मधे चीनमधे बाळांच्या दूध पावडरमधे मेलामाइन मिसळलं होतं ते याच कारणाने, त्यातही नायट्रोजन भरपूर, सहा बाळं गेली आणि तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. तेव्हा डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा, घटकांमधे ग्लायसिन, टॉरिन वेगळं लिहिलं असेल तर सोडून द्या, अमिनो ॲसिडचा तक्ता असेल तर २५ ग्रॅम प्रोटीनला ल्युसिन हे स्नायूंना लागणारं अमिनो ॲसिड अडीच ग्रॅमच्या आसपास असायला हवं. एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी लायसन्स नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. नंबर खरा निघाला म्हणजे माल चांगलाच असं होत नाही, पण नंबरच खोटा असेल तर विषय तिथेच संपला.

हे सगळं ग्राहकाने करायचं का, हा खरा प्रश्न. ट्रेनरला बऱ्याच ठिकाणी पगार तुटपुंजा असतो आणि डब्यामागे कमिशन मिळतं, मग पहिल्याच आठवड्यात तो तुम्हाला व्हे, बीसीएए म्हणजे सुट्या अमिनो ॲसिडांची पावडर, फॅट बर्नर, मल्टिव्हिटॅमिन अशी यादी देणारच. त्याचा राग येतो पण जिमच्या मालकांचं गणितच त्यावर चालत असेल तर एकट्या ट्रेनरला काय बोलणार. केरळच्या डॉक्टरांनी जे केलं ते एफएसएसएआयने दर सहा महिन्यांनी करून ब्रँडची नावं आणि बॅच नंबर घालून जाहीर का करू नये? दुधात पाणी घातलं म्हणून गवळ्यावर धाड पडते आणि तीन हजारांच्या डब्यात निम्मा माल नसला तर आपण फक्त रेटिंग कमी देतो. आणि जिममधे सप्लिमेंट विकत असतील तर ते विकणाऱ्याचं कमिशन किती आहे हे भिंतीवर लिहिलेलं असावं असं मला वाटतं, हसताय ना, पण लिहून बघा, निम्मी विक्री बंद होईल.

किडनीचं काय, हा घरोघरचा प्रश्न. किडनी निरोगी असेल तर जास्त प्रोटीनने ती खराब होते असं आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण किडनीचा आजार आधीच असेल, डायलिसिस चालू नसेल, तर डॉक्टर प्रोटीन मुद्दाम कमी ठेवायला सांगतात, आणि तिथे शेक म्हणजे उघड उघड नुकसान. आपल्या देशात अडचण ही की कितीतरी लोकांना आपली किडनी कशी आहे हेच माहीत नसतं. २०२३ मधे आलेल्या आयसीएमआर इंडियाबच्या अभ्यासात भारतात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आणि ३५ टक्क्यांच्या वर प्रौढांना हाय बीपी दिसलं, आणि किडनी बिघडवणारी सगळ्यात मोठी दोन कारणं हीच. पंचेचाळिशीतला माणूस, पोट सुटलेलं, बीपी कधी तपासलेलं नाही, मुलाच्या लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून जिम लावतो आणि त्याला पहिल्या दिवशी डबा खपवला जातो, हा माणूस धोक्यात आहे. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, साखर, एवढं तपासायला एक डबा घेण्यापेक्षा कमी पैसे लागतात. आधी ते करा. आणि क्रिएटिन नावाचं जिममधलं दुसरं सप्लिमेंट पण घेत असाल तर रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरला तसं सांगा, नाहीतर क्रिएटिनिन थोडं वर दिसून उगाच धावपळ होते.

बरं, तब्येत चांगली, डबा चांगला, तरी शेकचं डेझर्ट होतं तो भाग राहिलाच. पाण्यातला १२० कॅलरीचा स्कूप पाव लिटर म्हशीच्या दुधात घातला, एक केळं, एक मोठा चमचा पीनट बटर, वर दोन खजूर, झाले सहाशेच्या आसपास. हे सकाळच्या नाश्त्याच्या जागी असेल तर ठीक, नाश्त्यानंतर असेल तर वजन कसं उतरणार? आणि काही लोक उलटं करतात, रात्रीचं जेवण बंद आणि फक्त शेक, म्हणजे फायबर नाही, भाजी नाही, चावणं नाही, आठवड्यात पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल. त्यापेक्षा शेक संध्याकाळी वडापावच्या जागी घ्या. मास गेनर हा तर वेगळाच प्रकार, बारीक मुलांना विकतात, आणि त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेचंच भावंड भरलेलं असतं. प्रोटीन कुकी, प्रोटीन चिप्स यांचंही थोडंफार तेच. त्यामानाने डेअऱ्यांनी काढलेलं हाय प्रोटीन ताक वगैरे मला बरं वाटतं, अमूलच्या २०० मिली ताकात १५ ग्रॅम येतं, आणि ताक प्यायला कुणाला शिकवावं लागत नाही.

'आमच्या वेळी पैलवानांना कुठे होतं हे सगळं' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की पैलवानाचा खुराक हा त्या काळचा शेकच होता. कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध, बदामाची थंडाई, तूप, मटण, अंडी. एक लिटर म्हशीच्या दुधात ३७-४० ग्रॅम प्रोटीन येतं आणि सोबत हजारावर कॅलरी, त्या पचवायला हजार जोर आणि बैठका लागायच्या. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने तो खुराक घेतला तर काय होतं ते कुस्ती सोडलेल्या पण खुराक न सोडलेल्या कुठल्याही माजी पैलवानाकडे बघून कळतं.

शेवटी पैसे. व्हेच्या एका स्कूपला ब्रँडप्रमाणे ७० ते १०० रुपये पडतात. तेवढंच प्रोटीन सोयामधून सात आठ रुपयांत, चार अंड्यांतून तीसच्या आत, मटकीच्या उसळीतूनही त्याच घरात मिळतं. त्यामुळे दहावी बारावीतल्या पोरांना डबा घेऊन द्यायला माझा विरोध आहे, त्यांना कॅलरी मोजायची नसते, भूक चांगली असते, दोन अंडी आणि उसळ सहज जाते. पण तिथेही सगळ्यांचं ताट सारखं नाही. आपल्याच राज्यात नोव्हेंबर २०२३ मधे शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मधे त्याचा वर्षाचा ५० कोटींच्या आसपासचा खर्च सरकारने बंद केला, द्यायचंच असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी म्हणाले. पाच सहा रुपयांचं ते अंडं, सहा ग्रॅम प्रोटीन, त्यात भेसळ करता येत नाही आणि त्यावर ट्रेनरचं कमिशनही नसतं. प्रोटीन शेक चांगला की वाईट यावर तासभर भांडणाऱ्या आपल्या जिमवाल्यांपैकी चार पाच जणांनी त्या वर्गणीसाठी महिन्याला एका स्कूपचे पैसे काढले तरी गल्लीतल्या शाळेच्या एका वर्गाची निम्मी मुलं आठवड्याचं ते एक अंडं खातील, आणि सरकारने ते स्वतः परत चालू केलं तर वर्गणीचीही गरज नाही.